हिरव्या खुणेचा अर्थ : एका क्रिप्टो एक्स्चेंजच्या ‘देश तपासा’ पानाचे परीक्षण

ज्या क्रिप्टो एक्स्चेंजवर, म्हणजे बिटकॉइनसारखी आभासी नाणी विकत घेण्या-विकण्याच्या ऑनलाइन बाजारावर, मी सुमारे आठ महिने खाते चालवले, त्याच्या संकेतस्थळावर ‘आमची सेवा तुमच्या देशात आहे का’ हे पाहण्यासाठी एक स्वतंत्र पान आहे. एक्स्चेंजचे नाव येथे देत नाही, कारण हे परीक्षण त्या कंपनीच्या एकूण कारभाराचे नसून या एका पानाचे आहे, आणि याच धाटणीची पाने इतर एक्स्चेंजवरही पाहायला मिळतात. देशाचे नाव निवडले की क्षणभरात हिरवी खूण उमटते किंवा ‘सध्या उपलब्ध नाही’ असे करड्या अक्षरांतले वाक्य येते. माझ्या देशापुढे हिरवी खूण आली. तिच्यावर विसंबून पुढे जे केले, त्यातले निम्मे मला नंतर निस्तरावे लागले.

पानाच्या जमेच्या बाजू आहेत. तपासणीसाठी नोंदणी करावी लागत नाही, ईमेल मागितला जात नाही, आणि मोबाइलवरही पान चटकन उघडते. ‘स्वाझीलँड’ असे जुने नाव लिहिले तरी ‘एस्वातिनी’ समोर येते, म्हणजे शोधचौकटीवर कोणीतरी कष्ट घेतले आहेत.

नोंदणीच्या अर्जात देश निवडण्यासाठी जी यादी उघडते, ती मात्र निराळीच निघाली. कुतूहल म्हणून मी ती शेवटपर्यंत वाचली. तिच्यात अंटार्क्टिका होते आणि दक्षिण अटलांटिकमधले बूवे बेटही होते, जिथे मनुष्यवस्तीच नाही. देशांच्या आणि प्रदेशांच्या दोन अक्षरी संकेतांची २४९ नोंदींची जी आंतरराष्ट्रीय प्रमाणयादी आहे, तीच उचलून अर्जात बसवलेली असणार, हे उघड आहे. त्यामुळे अर्जात आपल्या देशाचे नाव सापडले, एवढ्यावरून सेवा मिळेल असे समजण्यात अर्थ नाही. ॲप आपल्या फोनवर उतरवता आले किंवा संकेतस्थळ उघडले, यावरूनही तसे समजू नये.

माझा अनुभव असा. अर्ज भरला, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चढवला, आणि दोन दिवसांत केवायसी मंजूर झाल्याचा संदेश आला. माझ्या वॉलेटमधून थोडे बिटकॉइन मी तिकडे पाठवले, काही महिने किरकोळ खरेदी-विक्री केली, आणि एके दिवशी रक्कम बँक खात्यात घ्यायचे ठरवले. ‘बँकेत काढा’ हे बटण फिकट दिसत होते. त्यावर बोट ठेवताच खाली एक ओळ आली : ‘ही सुविधा तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.’ मदतकक्षाला विचारले, तेव्हा तिसऱ्या दिवशी उत्तर मिळाले की हिरवी खूण ही खाते उघडण्यापुरती आणि नाण्यांच्या साध्या खरेदी-विक्रीपुरती असते, बँकेतली देवघेव देयकसेवा पुरवणाऱ्या भागीदार कंपनीवर अवलंबून असते, आणि हे सर्व वापराच्या अटींमध्ये नमूद आहे. ते खरोखरच नमूद होते, पण अटींच्या फार आतल्या एका कलमात. अखेरीस मला सगळी शिल्लक दुसऱ्या एक्स्चेंजवर हलवून तिथून बँकेत आणावी लागली आणि दोन्हीकडचे शुल्क भरावे लागले.

‘उपलब्ध’ या एका शब्दाखाली किमान चार वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि हे पान त्यांपैकी पहिल्याचेच उत्तर देते, ही माझी मुख्य तक्रार आहे. खाते उघडता येईल का, स्थानिक चलन आत भरता येईल का, नेमकी कोणती उत्पादने वापरता येतील, आणि पैसे बाहेर काढता येतील का, या प्रत्येकाचे उत्तर एकाच देशात वेगळे असू शकते. ब्रिटनमधील वित्तीय नियामकाने ६ जानेवारी २०२१ पासून सामान्य ग्राहकांना क्रिप्टोवरील फ्युचर्ससारखी, म्हणजे नाण्याच्या पुढील किमतीवर सौदा करण्याची, उत्पादने विकण्यावर बंदी घातली, पण नाण्यांची साधी खरेदी-विक्री तिथे चालूच राहिली. युरोपीय महासंघात तर प्रश्न एकेका नाण्यापर्यंत जातो. ‘मायका’ या नावाने ओळखला जाणारा कायदा क्रिप्टो सेवा देणाऱ्या कंपन्यांना ३० डिसेंबर २०२४ पासून लागू झाला, आणि त्याच्या निकषांत न बसणाऱ्या स्टेबलकॉइनची (डॉलरसारख्या चलनाशी किंमत बांधलेल्या नाण्यांची) खरेदी-विक्री बायनान्स या मोठ्या एक्स्चेंजने त्या भागातील ग्राहकांसाठी मार्च २०२५ अखेर थांबवली. खाती चालू राहिली, नाणी ठेवता येत होती, फक्त ती देऊन दुसरी नाणी घेण्याच्या जोड्या बाजारातून गेल्या. अमेरिकेत देशाचे नाव पुरेच पडत नाही, कारण न्यूयॉर्क राज्याने २०१५ पासून स्वतःचा वेगळा परवाना ठेवलेला आहे आणि शेजारच्या राज्यात चालणारे एक्स्चेंज तिथे बंद असू शकते. एवढी गुंतागुंत एका हिरव्या खुणेत मावणे शक्य नाही, हे पान रचणाऱ्यांनाही ठाऊक असणारच.

दुसरा दोष तारखेचा आहे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘शेवटचा बदल’ अशी नोंद आहे, आणि मी पाहिली तेव्हा ती अकरा महिने जुनी होती. या क्षेत्रात अकरा महिने हा फार मोठा काळ आहे. भारताच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने २८ डिसेंबर २०२३ रोजी बायनान्स, क्रॅकेन, कूकॉइन यांच्यासह नऊ परदेशी एक्स्चेंजना कारणे दाखवा नोटिसा काढल्या, आणि पुढच्याच महिन्यात त्यांपैकी अनेकांची ॲप दुकानांतून दिसेनाशी झाली. पुढे बायनान्सने त्याच विभागाकडे नोंदणी केली आणि दंडही सोसला, म्हणजे उत्तर एकदा ‘आहे’वरून ‘नाही’वर गेले आणि परत फिरले. कॅनडातून बायनान्सने मे २०२३ मध्ये माघार जाहीर केली, तेव्हा ग्राहकांना आपले व्यवहार आवरायला सप्टेंबरअखेरपर्यंतची मुदत होती. एवढी मुदत प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. म्हणून सेवा बंद झाल्यास ग्राहकाच्या नाण्यांचे काय होणार, हे अशा पानावर दोन ओळींत तरी असायला हवे. या पानावर त्याविषयी अवाक्षर नाही.

‘तुमचा देश’ म्हणजे नेमका कोणता, हेही पान स्पष्ट करत नाही. नागरिकत्व एका देशाचे, कायमचा पत्ता दुसऱ्या देशातला आणि आज फोन चालू आहे तो तिसऱ्याच देशात, ही स्थिती आता मुळीच दुर्मिळ राहिलेली नाही. माझ्या एक्स्चेंजने खाते पत्त्याच्या पुराव्यावर दिले, पण प्रत्येक लॉगिनच्या वेळी इंटरनेट जोडणीचा ठावठिकाणाही पाहिला. त्यामागे सबळ कारण आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये क्रॅकेनला अमेरिकी अर्थखात्याच्या निर्बंध कार्यालयाशी सुमारे ३ लाख ६२ हजार डॉलरची तडजोड करावी लागली, कारण खाते उघडताना ग्राहक कोठे आहे हे ते तपासत होते, मात्र नंतरच्या व्यवहारांच्या वेळी तसा अडथळा ठेवला नव्हता आणि इराणमधून काही व्यवहार झाले. निर्बंध असलेल्या देशात प्रवासाला गेल्यावर आपलेच खाते बंद दिसू लागते, ते अशाच दक्षतेमुळे. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट जोडणीचा खरा ठावठिकाणा लपवणारी सेवा, वापरून हा अडथळा ओलांडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो घेतला नाही, कारण अटींमध्ये त्यास स्पष्ट मनाई होती आणि ते उघडकीस आल्यास खाते नाण्यांसकट गोठवण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला होता. नाणी आत सहज जातात, अडचण बाहेर काढताना येते.

दुसरे एक्स्चेंज निवडताना मी क्रम उलटा केला. आधी अटींमधील प्रतिबंधित प्रदेशांची यादी काढली, मग करार नेमक्या कोणत्या कंपनीशी होणार आहे ते पाहिले, कारण जाहिरातीत दिसणारे नाव आणि करारातील कायदेशीर नाव बहुधा वेगळे असते. ते कायदेशीर नाव आणि संकेतस्थळाचा पत्ता मी नियामकाच्या सार्वजनिक नोंदवहीत शोधला. ब्रिटनच्या नियामकाची अशी नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते, आणि परवान्याविना काम करणाऱ्यांची सावधयादीही तिथेच आहे. नोंद सापडली म्हणून पैसे सुरक्षित झाले, असे नव्हे. ती नोंदणी मुख्यतः बेकायदा पैशाला आळा घालण्याच्या नियमांपुरती असते आणि एक्स्चेंज बुडाले तर भरपाई योजनेचे संरक्षण क्रिप्टोला मिळत नाही. शेवटी मदतकक्षाला लेखी विचारले की माझ्या पत्त्यावरून स्थानिक चलनात पैसे बँकेत काढता येतात का, आणि उत्तर जपून ठेवले. या सगळ्याला एक संध्याकाळ लागली.

मूळ पानाला मी पाचपैकी दोन गुण देतो : एक वेगासाठी आणि एक शोधचौकटीसाठी. देशाच्या नावापुढे खाते, भरणा, उत्पादने आणि रक्कम काढणे असे चार रकाने त्यांनी दिले, तर आणखी दोन गुण आनंदाने देईन. तशी सूचना मी पाठवली होती आणि तिची पोचही आली. काल पान पुन्हा उघडून पाहिले, तर तळाशी नवी तारीख पडली होती. माझ्या देशापुढची हिरवी खूण मात्र तशीच होती, आणि ‘बँकेत काढा’ अजूनही फिकटच आहे.