दारू सोडायचं ठरलंय: केंद्र, एए, गोळ्या की माळ?

कुठलाही मार्ग निवडण्याआधी एका प्रश्नाचं खरं उत्तर स्वतःला द्या. सकाळी हात थरथरतात का, आणि थोडी घेतल्यावरच थांबतात का? उत्तर ‘हो’ असेल तर घरी बसून एकदम बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं की पहिल्या २४ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भास होतात, आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं. या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. मन कितीही घट्ट केलं तरी फिट थांबत नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा सरकारी रुग्णालयात जा. तिथे गोळ्यांचा डोस हळूहळू उतरवत आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देत हे दिवस सुखरूप पार पाडता येतात.

त्यानंतर खरी निवड सुरू होते. कारण अंगाचा त्रास साधारण आठवड्याभरात ओसरतो, पण संध्याकाळ रोज येते.

निवासी केंद्र की घरी राहून एए?

बहुतेक घरांत वाद याच दोघांवर होतो: व्यसनमुक्ती केंद्रात राहायचं, की एए, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा जो गट असतो, त्याच्या मीटिंगांना जायचं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. अशा केंद्राचं मोठं बळ म्हणजे तुम्ही तुमच्या रस्त्यावरून बाजूला होता. बार नाही, ‘आज बसायचं का?’ विचारणारे मित्र नाहीत, दिवसाला वेळापत्रक आहे, समुपदेशक आहे, आणि घरच्यांशीही बोललं जातं. सकाळपासून पिणारा, एकटा राहणारा किंवा घरी राहून दोनतीनदा प्रयत्न फसलेला माणूस असेल तर मी केंद्रच सुचवेन.

उणी बाजू अशी की रजा लागते, पैसे लागतात, आणि छत्तिसाव्या दिवशी तुम्ही त्याच गल्लीत परतता. ज्या केंद्रात फॉलोअपची पक्की सोय नाही तिथे जाऊ नका. बाकी चौकशीही डोळसपणे करा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ खाली नोंदणी आहे का? डॉक्टर खरोखर येतात का, की फक्त पाटीवर आहेत? नातेवाइकांना आत येऊन बघू देतात का? ‘आम्ही गाडी पाठवून उचलून आणतो’ असं अभिमानाने सांगणाऱ्याकडे आपलं माणूस सोपवू नका. घाबरवून आणलेला माणूस बाहेर पडायचे दिवस मोजतो, त्यात त्याचं मन वळत नाही.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, १९३५मध्ये अमेरिकेत सुरू झालं. फी नाही, फॉर्म नाही, दारू थांबवायची इच्छा एवढीच अट. नोकरी सांभाळून जमतं. बहुतेक मीटिंगा संध्याकाळी असतात, म्हणजे नेमक्या ज्या वेळी पाय बारकडे वळतात त्याच वेळी. २०२०मध्ये वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, माणसाला एएशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या तोडीस तोड किंवा सरस ठरले.

पण एएत डॉक्टर नसतो. ‘ईश्वर’ हा शब्द वारंवार येतो आणि काहींना तो खटकतो. तालुक्याच्या गावी ग्रुप नसेल तर ऑनलाइन मीटिंग हाच पर्याय. पहिल्या मीटिंगवरून ठरवू नका, प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो, दोनतीन ठिकाणी बसून बघा. पत्नी, आई किंवा नवरा यांच्यासाठी अल-ॲनॉन ही वेगळी संघटना आहे. पिणारा येवो न येवो, घरच्यांनी तिथे जरूर जावं.

गोळ्या

गोळी एकटी पुरत नाही, पण ती टाळण्यातही शहाणपण नाही. नाल्ट्रेक्सोन घेतल्यावर पिण्यातली मजा आणि ओढ कमी होते. यकृताची तपासणी लागते आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं सोबत चालत नाहीत. अकॅम्प्रोसेट दारू थांबल्यानंतरची तगमग शमवतं, मूत्रपिंड ठीक हवं. डायसल्फिराम हा धाक आहे: ती घेऊन प्यायलं की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरू शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. काही कफ सिरपं आणि द्राक्षासवासारखी आसवं-अरिष्टंही वर्ज्य, कारण त्यांतही अल्कोहोल असतं.

म्हणूनच कळकळीने सांगते, ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून भाजीत, चहात गुपचूप काहीही मिसळू नका. हृदयविकार असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं. आणि कळल्यावर घरातला विश्वास जातो तो वेगळाच.

माळ

ग्रामीण महाराष्ट्रात कित्येकांची दारू कुठल्याही केंद्राविना, गळ्यात तुळशीची माळ पडल्यावर सुटली आहे. एए नाव गुप्त ठेवतं, माळ मात्र सगळ्या गावाला दिसते. माळकऱ्याला हळदीच्या रात्रीही कोणी ग्लास पुढे करत नाही. शिवाय एकादशी, भजन, वारी यांतून नवी माणसं मिळतात आणि रिकाम्या संध्याकाळी भरतात. श्रद्धा असेल तर हा मार्ग मी जराही कमी लेखणार नाही.

त्याची अडचण घसरल्यावर कळते. एएत घसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी मीटिंगला येऊन सांगू शकतो, टाळ्याही पडतात. माळ काढून प्यायलेला माणूस शरमेने मंडळींना तोंड दाखवत नाही, आणि ती शरम पुन्हा बाटलीकडेच नेते. म्हणून माळ घालताना एखाद्या जाणत्या वारकऱ्याशी आधीच बोलून ठेवा: चुकलो तर तुमच्याकडे येईन. आणि श्रावण पाळता येतो याला पुरावा मानू नका. गटारीला भरपूर पिऊन महिनाभर थांबणारा बऱ्याचदा शेवटची तारीख डोळ्यांपुढे ठेवून थांबलेला असतो.

मग आराखडा कसा जोडायचा?

नोकरी चालू आहे, घर पाठीशी आहे, थरथर नाही, अशा माणसाने पहिले तीन महिने एए आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी अशी जोडी धरावी. माळ यातल्या कशाच्याही आड येत नाही.

हे कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका. सात ते नऊ कुठे असेन. पगाराच्या दिवशी पैसे कोणाच्या हाती देईन. कुठल्या रस्त्याने घरी येणार नाही. हळद, ३१ डिसेंबर, मित्राची बदली, यांपैकी कुठे जाणार नाही आणि नाही कसं म्हणेन. ओढ लागली तर कोणाला फोन, आणि त्याने उचलला नाही तर दुसरं नाव. उपाशीपोटी आणि जागरणाने ओढ वाढते, म्हणून जेवणाची वेळही त्यात हवी.

शेवटी घसरण झाली तर काय, तेही आधीच लिहा: त्याच रात्री कोणाला सांगायचं, दुसऱ्या दिवशी कुठली मीटिंग, आणि सलग काही दिवस प्यायलं गेलं तर पुन्हा एकट्याने न थांबवता डॉक्टर. कागदाची एक प्रत घरच्यांकडे द्या. त्यावर व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ या दोन्ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन लिहून ठेवा.