स्लॉट कार सेट: पोळ्यापासून मेपर्यंत

पोळ्याच्या आठवड्यात सेट घरी आला, आता अर्धा मे संपला. मधल्या काळात दोनदा विकायला काढला अन् दोनदा परत मांडला.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडं. इथं ही वस्तू पाहिलेला दुसरा माणूस मला अजून भेटायचा आहे, म्हणून आधी थोडं सांगतो. ही रिमोटची गाडी नव्हे. प्लास्टिकच्या रस्त्याला खाच असते, गाडीच्या पोटाखालची जीभ त्या खाचेत बसते अन् खाचेच्या दोन्ही अंगाच्या लोखंडी पट्ट्यांतून मोटरला करंट जातो. स्टिअरिंग नाही. हातात फक्त एक घोडा: दाबला की पळते, सोडला की थांबते. इंग्लंडात १९५७ मध्ये स्केलेक्स्ट्रिक आलं, तेव्हापासून खेळ हाच. माझा सेट जुना, दोन लेनचा, १२ व्होल्टचा, १:३२ मापाचा. या मापात आपली मारुती ८०० दहा सेंटीमीटरच्या जराशी वर भरते. नऊ हजार मोजले. "एवढ्यात शेतात निंदणाला डवरा आला असता," हे घरात अजून ऐकावं लागतं.

आठ बाय चारच्या प्लायवर आधी साधा लंबगोल मांडला. बाहेरच्या लेनवाला कायम हरायचा. दोन खाचांत आठ सेंटीमीटर अंतर, म्हणजे त्याला फेरीमागं अर्धा मीटर जास्त पळावं लागतं, दहा फेऱ्यांत पाच मीटर. हे पोट्ट्यांनी भांडून आधी ओळखलं, मी हिशेब नंतर केला. पुलाचे तुकडे होतेच, म्हणून इंग्रजी आठाच्या आकाराचा रस्ता केला. भांडण मिटलं.

दुसरी कटकट: अडॅप्टरपासून लांबच्या टोकाला गाडी मरगळायची. मला वाटलं मोटर गेली. खरं तर प्रत्येक जोडावर थोडा थोडा करंट अडत होता. घरच्या फिटिंगची उरलेली वायर प्लायखालून नेऊन मागच्या तुकड्याला टाका दिला, अन् गाडी सगळीकडं सारखी पळू लागली. खर्च शून्य. सेट घेणाऱ्यानं पहिलं काम हेच करावं.

आता कापूस. भाव नव्हता म्हणून दिवाळीनंतर ढीग सेटच्याच खोलीत पडून होता. बाबांनी तरुणपणी तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी पळवलेली. एका रात्री शेतातली लाइट बारानंतर येणार होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, तोवर त्यांनी घोडा हातात घेतला. धुरकऱ्याची सवय, दाबला तो सोडलाच नाही. पहिल्याच वळणावर गाडी उडाली ती थेट ढिगात.

"याले वळण कायले देल्लं बे? पटात वळण नसते!"

दहा मिनिटं चाचपल्यावर गाडी सापडली. मागच्या धुऱ्याला रुईचे तंतू असे पिळून बसले होते की चाक बोटानं हलेना. सुई अन् ब्लेड घेऊन कंदिलाशी अर्धा तास. जिभेजवळच्या, पट्ट्यांवरून करंट उचलणाऱ्या तांब्याच्या वेण्या काळ्या पडलेल्या, तंतूंनी भरलेल्या. तेव्हापासून नियम केला: खेळायच्या आधी वेण्या पिना लावून विंचरायच्या, चाकं पॅकिंगच्या चिकटपट्टीवर फिरवायची. काळ्या मातीची धूळ त्या पट्टीवर उतरलेली पाहिली की पकड का जात होती ते कळतं.

पावसाळ्यात पट्ट्यांना गंज धरला. शिवणमशीनचं तेल लावलं, जास्त लागलं, अन् दोन दिवस गाड्या म्हशीसारख्या घसरत राहिल्या. तेल लावा, पण नंतर कोरड्या फडक्यानं पुसून काढा.

सगळ्यात मोठा फरक मात्र लोहचुंबक काढल्यानं पडला. गाडीच्या पोटाला चुंबक असतो, तो पट्ट्यांना ओढून धरतो, त्यामुळं नवखाही बहुतेक वळणांवर घोडा दाबून ठेवतो. महिनाभरात कंटाळा आला होता तो यामुळंच. पहिल्यांदा विकायला काढला तो तेव्हा. चुंबक काढला अन् गाडी शेपूट हलवायला लागली. घोडा कधी सोडायचा, हे आता बोटाला कळावं लागतं. वेग निम्म्यावर आला, मजा दुप्पट. बाबांना हे मान्य नाही. त्यांच्या गाडीला चुंबक अजून आहे.

सहा-सात वर्षांच्या पोरासाठी घेत असाल तर नका घेऊ, आठवड्यात खाटेखाली जाईल. वेण्या, धुरे, वायरी यांत हात घालायची आवड असेल तरच घ्या. सुट्या भागांचं इथं कठीण आहे. वेण्यांसाठी मी सोल्डर ओढून घ्यायची तांब्याची जाळी चपटी कापून लावली, ती चालते.

टिनाखालच्या खोलीत दुपारी बसवत नाही अन् मोटरही हात लावू देत नाही, म्हणून सध्या पहाटे पाच ते सात खेळ. पुढचा बेत लाकडी रस्त्याचा आहे: एमडीएफच्या फळीत खाच पाडून दोन्ही अंगाला तांब्याची टेप. तांब्याला चुंबक धरत नाही, तेव्हा बाबांचाही प्रश्न सुटेल. सुताराला विचारलं. तो म्हणतो, लग्नाचे दिवाण होऊ द्या भाऊ, मग पाहू.