मोमेंट काढून आठ महिने: दूध संस्थेच्या बिलांवर काय परिणाम झाला

निपाणी भागातल्या एका दूध संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. तारखांसाठी त्यात पहिल्यापासून मोमेंट जेएस ही जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी होती. नव्या कामाला ते घेऊ नका, असं त्याच्या टीमनं सप्टेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं. पण चालतंय म्हणून मी हात लावला नव्हता. आठ महिन्यांपूर्वी ते काढलं आणि सगळं जावास्क्रिप्टमध्येच असलेल्या डेट (तारीख-वेळ ठेवणारं) आणि इंटल (ती हव्या त्या भाषेत लिहून देणारं) यांच्यावर बसवलं.

पावती फार छान झाली. इंटलला मराठी सांगितलं की महिन्याचं नाव मराठीत आणि आकडेही देवनागरीत येतात. कन्नड सांगितलं तर महिना कन्नडमध्ये, आकडे मात्र इंग्रजी. आमच्या रांगेत दोन्ही भाषांचे उत्पादक असतात, ज्याला जी हवी ती पावती निघते. भाषांच्या वेगळ्या फायली जोडाव्या लागत नाहीत.

चूक घडली ती पहाटेची. तारीख साठवताना मी डेटच्या टूआयएसओस्ट्रिंग या फंक्शननं दिलेल्या मजकुराची पहिली दहा अक्षरं, म्हणजे वर्ष-महिना-दिवस, घेतली. ते यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ देतं, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागची. त्यामुळं पहाटे ५.१० ला घातलेलं दूध आदल्या तारखेला पडायचं. अकरा तारखेला बिल हातात घेऊन एक आजी आल्या. "एक तारखेचं सकाळचं दूध कुठं गेलं रं बाळा?" मागचं बिल आदल्या रात्रीच बंद झालेलं, म्हणून ते दूध कुठल्याच बिलात नव्हतं. आजींच्या म्हशीचं चार लिटर दूध! मला फार लागलं ते. त्याच रात्री इंटलला एशिया-कोलकाता टाइमझोन, म्हणजे भारतीय वेळ, देऊन तारखेचे भाग वेगळे काढून घेतले. साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद तपासली आणि ज्यांचे पैसे राहिले होते, त्यांना पुढच्या बिलात दिले.

पशुखाद्याच्या उचलीचे हप्तेही जपून करावे लागले. ३१ जानेवारीत महिना मिळवला तर मोमेंट फेब्रुवारीची शेवटची तारीख द्यायचं. डेट २०२५ साठी थेट ३ मार्च देतं. पुढच्या महिन्याचा शेवटचा दिवस काढून, तो आणि मूळ तारखेचा दिवस यांतला लहान आकडा घेणारं छोटं फंक्शन लिहिलं, ते आजवर चुकलेलं नाही.

या कामाला खरं तर टेम्पोरल, म्हणजे जावास्क्रिप्टची तारखांसाठीची नवी सोय, हवं. त्यात वेळेशिवाय नुसती तारीख ठेवता येते, म्हणजे पहाटेचा घोळच उरत नाही. फायरफॉक्समध्ये ते मे २०२५ ला, १३९ व्या आवृत्तीत आलं. पण संस्थेचा संगणक विंडोज ७ चा, त्यावर क्रोम १०९ च्या पुढं सरकत नाही, त्यामुळं तिथं टेम्पोरल आयतं मिळत नाही. नवीन संगणकासाठी सेक्रेटरींकडं अर्ज दिलाय.