‘विष बाहेर पडतंय, ताई’

आमच्या कुत्रीला, चिंगीला, आम्ही पहिल्यापासून घरीच आंघोळ घालतो. लांब केसांची, लोंबत्या कानांची आणि पाण्याला घाबरणारी. बादलीचा आवाज झाला की ती पलंगाखाली शिरते. मध्यंतरी तिला खाज सुटली आणि मी मोबाइलवर उपाय शोधू लागले. तिथे एका माणसाशी गाठ पडली. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते त्याचं खरं नाव नव्हतंच.

त्याने आपुलकीने चौकशी केली, फोटो मागवले, व्हिडिओ कॉलवर चिंगीची कातडी पाहिली. “बाजारचा शाम्पू लावता ना, ताई? त्यातल्या केमिकलनेच ही दशा झालीय. गोचिडांचं औषधही आजच बंद करा, सगळं रक्तात जातं.” मग त्याने दोन पायऱ्यांचा ‘नैसर्गिक’ उपचार सांगितला. आधी शाम्पू, एक दिवसाआड. नंतर तेल.

शाम्पूला भरपूर फेस यायचा आणि केस करकरीत व्हायचे. मला वाटलं, हीच खरी स्वच्छता. दोन आठवड्यांत तिच्या पाठीवर पांढरा कोंडा दिसू लागला, पोटाची कातडी लाल झाली. मी फोटो पाठवले. तो म्हणाला, “उत्तम! जुनी घाण सुटतेय. आता दुसरी बाटली घ्या.” ती पहिलीहून कितीतरी महाग होती. आधी स्वतःच जखम करायची आणि मग तिच्यावरचं औषध विकायचं, हाच त्याचा धंदा होता. पण हे मला फार उशिरा उमगलं.

दुसऱ्या बाटलीवर लिहिलं होतं, ‘१०० टक्के शुद्ध टी ट्री तेल’, म्हणजे एका झाडाच्या पानांतून काढलेलं उग्र वासाचं तेल. दुपारी आंघोळ घालून मी ते तळहातभर घेऊन तिच्या पाठीला चोळलं. संध्याकाळी तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. मागचे पाय एकमेकांत अडकायला लागले, अंग थरथरत होतं. मी त्याला फोन केला.

“घाबरू नका. विष बाहेर पडतंय, ताई. डॉक्टरकडे नेलंत तर ते सुई टोचून पुन्हा आत दाबतील. सकाळपर्यंत थांबा.”

मी दोन तास थांबले. पैशांचं दुःख कधीच ओसरलं, त्या दोन तासांचं अजून ओसरत नाही.

शेवटी लेकीने माझं काही न ऐकता चिंगीला उचललं आणि आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी वासावरूनच तेल ओळखलं. सौम्य, भांडी धुण्याच्या द्रवाने आणि कोमट पाण्याने त्यांनी तिला दोनदा धुतलं. अंग गार पडलं होतं, म्हणून ऊब दिली, सलाइन लावलं. त्या म्हणाल्या, हे तेल कातडीतून शरीरात शिरतं, आणि लक्षणं दोन ते बारा तासांत दिसू लागतात. २००२ ते २०१२ या काळातल्या कुत्र्या-मांजरांच्या ४४३ विषबाधा तपासून अमेरिकेत २०१४ साली एक अभ्यास छापला गेला, तोही त्यांनी दाखवला. त्यातल्या बहुतेकांना हे तेल चुकून लागलेलं नव्हतं, मुद्दामच लावलेलं होतं. माझ्यासारखंच, बरं वाटावं म्हणून. तिसऱ्या दिवशी चिंगी सरळ चालली.

घरी आल्यावर पहिली बाटली न्हाणीत ओल्यात पडलेली दिसली. तिचं स्टिकर सुटून घसरलं होतं आणि खाली छापलेल्या ताट-वाट्या दिसत होत्या. ते भांडी घासायचं लिक्विड होतं! म्हणजे दवाखान्यात तेल काढायला एकदा वापरलं तसंच काहीतरी मी तिला एक दिवसाआड लावत होते. कातडीचं नैसर्गिक तेल त्याने पार धुऊन नेलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, माणसाचा शाम्पूही नको. आपल्या त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणा मोजायचा आकडा) ५.५ च्या आसपास असतो, कुत्र्याचा त्याहून जास्त, पाण्याच्या जवळपास जाणारा.

त्या माणसाचा नंबर बंद आहे. तेच फोटो वेगळ्या नावाने पुन्हा फिरताना मी पाहिलेत. तक्रार दिलीय, पैसे मिळालेले नाहीत.

बाटलीवर घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, मुदत, यांतलं काहीच नव्हतं. मी ते पाहिलं होतं आणि तरी चालवून घेतलं. तुम्ही चालवून घेऊ नका. आणि ‘डॉक्टरकडे जाऊ नका’ असं कुणी म्हटलं, की त्याच क्षणी फोन ठेवा आणि दवाखान्याची वाट धरा.

आता मी आधी केस विंचरते, कारण गुंता ओला झाला की आणखी घट्ट बसतो. कोमट पाणी घेते, कानात जाऊ देत नाही. डॉक्टरांनी दिलेला औषधी शाम्पू दहा मिनिटं अंगावर ठेवून पाणी नितळ येईपर्यंत धुते. मानेवर थेंब टाकायचं गोचिडांचं औषध पुन्हा सुरू केलंय. ते टाकण्याआधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही.

बादलीचा आवाज झाला की चिंगी अजूनही पलंगाखाली जाते. पण आता बाटलीचं झाकण उघडलं तरी जाते. म्हणून मी शाम्पू आधीच मगातल्या पाण्यात कालवून ठेवते, हात धुऊन वास घालवते आणि मगच तिला हाक मारते.