‘सपोर्टेड’ या एका शब्दावर दोन वर्षांचे पैसे भरले

डेटा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणारं टूल वापरत असाल आणि डेटाबेसचं अपग्रेड तोंडावर आलं असेल, तर आमचं काय झालं ते आधी वाचा.

आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसच्या आवृत्ती १३ वर होतो. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात आणि १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपणार होती, म्हणून १६ वर जायचं ठरलं. मूळ डेटाबेसमधले बदल सतत वाचून वेअरहाउसमध्ये, म्हणजे रिपोर्टसाठीच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये, टाकणारं विकतचं टूल आमच्याकडे होतं. त्याचं रिन्युअलही तेव्हाच आलं. विक्री प्रतिनिधीला सरळ विचारलं, ‘१६ चालेल ना?’ उत्तर आलं, ‘पूर्ण सपोर्टेड आहे. अपग्रेडनंतर टूल जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे उचलेल.’ आम्ही दोन वर्षांचे पैसे आगाऊ भरले.

पहिली खूण लॉगिनलाच मिळाली होती. अपग्रेडनंतर टूलसाठी नवा युजर केला, तर एरर आला : ऑथेंटिकेशन टाइप १० सपोर्टेड नाही. पोस्टग्रेस १४ पासून नव्या पासवर्डसाठी ‘स्क्रॅम’ ही जास्त सुरक्षित पद्धत आपोआप लागू होते, एरर तिच्याबद्दलच होता. पण ही पद्धत पोस्टग्रेसमध्ये २०१७ पासून आहे! म्हणजे टूलच्या आतला, डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर त्याहून जुन्या वळणाचा होता. सपोर्टने सांगितलं, पासवर्ड जुन्या एमडी५ पद्धतीवर न्या. आम्ही नेला. सुरक्षेत एक पायरी खाली उतरलो आणि काम सुरू झालं म्हणून गप्प बसलो. तिथेच हात आखडता घ्यायला हवा होता.

खरं नुकसान दिसलंच नाही. अशी टूल्स डेटाबेसमध्ये एक ‘रेप्लिकेशन स्लॉट’ ठेवतात. बदलांची नोंद असलेला लॉग कुठवर वाचला, याची खूण त्यात असते. जुन्या आवृत्तीवरून १६ वर जाताना हे लॉजिकल स्लॉट सोबत येत नाहीत. ते टिकवण्याची सोय १७ मध्ये आली, तीही १७ वरून पुढे जाणाऱ्यांसाठी. आमचा स्लॉट गेला. टूलने एरर दिला नाही, चुपचाप नवा स्लॉट तयार केला आणि त्या क्षणापासून वाचायला लागलं. अपग्रेड झाल्यापासून तोवर ॲप चार तास चालू होतं. त्या चार तासांतला एकही बदल वेअरहाउसमध्ये पोहोचला नाही. डॅशबोर्डवर सगळीकडे हिरवी टिक.

ओळींची संख्या आम्ही तपासत होतो, पण थोडा फरक सिंक मागे असल्याचा समजून सोडून देत होतो. अपडेट हुकले की संख्येवरून काही कळत नाही. महिनाअखेरीला स्टेटसनुसार बेरजा घेतल्या, तेव्हा रद्द झालेल्या ऑर्डरी रिपोर्टमध्ये चालू दिसल्या. त्याच आकड्यांवर महिनाभर निर्णय झाले होते.

तिकीट टाकल्यावर उत्तर मिळालं की १६ साठी फक्त ‘फुल लोड’, म्हणजे सगळा डेटा एकदम भरणं, तपासलेलं आहे, बदल वाचणारा मोड अजून नाही. सोबत जोडलेल्या ज्ञात अडचणींच्या यादीवरची तारीख आमच्या रिन्युअलच्या आधीची होती. कंपनीला माहीत होतं. तरीही आम्हाला ‘पूर्ण सपोर्टेड’ सांगून पैसे घेतले, याला मी फसवणूकच म्हणतो. परतावा मागितला, तर करारात आवृत्तीचा उल्लेख नसल्याचं दाखवलं. ते आश्वासन फोनवरचं होतं.

तेव्हा कोणती आवृत्ती, कोणता मोड, डिलीट धरून की सोडून, हे करारातच लिहून घ्या. मागच्या दोन-तीन आवृत्त्या आल्यावर टूलला किती महिने लागले, तेही विचारा. डेटाबेसची प्रत काढून त्यावर आधी अपग्रेड करून बघा. खऱ्या अपग्रेडच्या वेळी डेटाबेसमध्ये लिहिणं थांबवा, टूलला उरलेला लॉग संपवू द्या, नंतर अपग्रेड करून नवा स्लॉट करा आणि मगच ॲप उघडा.

आम्ही सगळे टेबल्स पुन्हा पहिल्यापासून भरले. करार अजून संपलेला नाही, म्हणून रोज रात्री दोन्ही बाजूंच्या स्टेटसनुसार बेरजा ताडून पाहणारी स्क्रिप्ट आम्हीच लिहून चालवतो.