नव्या गाडीचा दरवाजा "बदलला", बिलात. फसवणुकीचा अनुभव, गाडीवाल्यांनी नक्की वाचा

गुढीपाडव्याला गाडी घेतली, माझ्या पगारातून घेतलेली पहिली गाडी. जुलैमधे एका सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधे जाऊन बघते तर डावीकडच्या मागच्या दरवाजाला पोचा आणि बंपरच्या कोपऱ्याला दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा पांढरा रंग घासलेला. कोणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, त्या बाजूचा कॅमेरा बंद होता. पोचा केवढा होता ते मुद्दाम सांगते कारण पुढे सगळं त्यावरच आहे. माझा तळहात ठेवला तर झाकला जाईल एवढा, हँडलच्या खाली, रंग फक्त एका रेषेत गेलेला. भावाला पाठवायला म्हणून तेव्हाच तीन फोटो काढले होते.

नवीन गाडी बाहेर कशाला द्यायची म्हणून जिथून घेतली त्यांच्याच वर्कशॉपला नेली. अ‍ॅडव्हायझरने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला मॅडम पत्रा ताणला गेलाय, डेंटिंगने नाही होणार, दरवाजा बदलावा लागेल, बंपर पण, तुमची झिरो डेप आहे ना मग टेन्शनच नाही, फाईल चार्जचे हजार रुपये भरा बाकी सगळं कॅशलेस. (झिरो डेप म्हणजे बदललेल्या पार्टचे पैसे घसारा न कापता मिळतात ती पॉलिसी.) क्लेम फॉर्मवर सह्या घेतल्या, फॉर्म अर्धा कोरा होता. दुपारी फोन आला की ओटीपी आलाय तो सांगा, मी मीटिंगमधे होते, सांगून टाकला.

नऊ दिवसांनी गाडी मिळाली, संध्याकाळी सात वाजता, भर पावसात. अंगावर पाणी असलेल्या मेटॅलिक ग्रे गाडीचा रंग काय दिसणार? आधी सॅटिस्फॅक्शन व्हाउचरवर, म्हणजे काम नीट झालं असं लिहून देण्याच्या कागदावर, सही घेतली, मग चावी दिली. मी विचारलं जुना दरवाजा कुठाय, तर म्हणाला मॅडम सॅल्वेज, म्हणजे काढलेला जुना पार्ट, इन्शुरन्स कंपनीकडे जमा होतं. बिल होतं ३८,७०० चं, त्यात नवीन दरवाजा १४,२०० रुपये. मला हजारच द्यायचे होते म्हणून मी बाकी आकडे नीट बघितलेच नाहीत.

गणपतीत साताऱ्याला मामाकडे गेलो. मामाचं डेंटिंग पेंटिंगचं गॅरेज आहे, ३० वर्षं तेच काम करतोय. गाडी लावली, तो कौतुकाने हात फिरवत होता आणि मागच्या दरवाजाशी थांबला. बोटाच्या पेराने पुढच्या दरवाजावर वाजवलं, टण्ण आवाज आला. मागच्यावर वाजवलं तर ठस्स, भिंतीवर वाजवल्यासारखा. मग मामीच्या फ्रिजवरचं मॅग्नेट रुमालात गुंडाळून आणलं. पुढच्या दरवाजाला ते चिकटून राहिलं, मागच्याला हँडलखाली लावलं की घसरून खाली. "अगं, नवीन कुठला, यात लांबी भरलीये," मामा म्हणाला. लांबी म्हणजे पोचा भरून सपाट करायची पुट्टी. मी बिल दाखवलं तर त्याने दरवाजा उघडला आणि मला बिजागरीचे बोल्ट दाखवले. बोल्टच्या डोक्यावर कंपनीचा रंग जसाच्या तसा, एक ओरखडा नाही. तो म्हणाला दरवाजा उतरवायचा तर या बोल्टला पाना लावावाच लागतो आणि पाना लागला की कडेचा रंग उडतोच. काचेच्या रबरावर मात्र स्प्रेचे बारीक ठिपके होते, टेप नीट न लावता रंग मारलेला.

पुण्याला आल्यावर इन्शुरन्स कंपनीला मेल करून क्लेमचे कागद आणि फोटो मागवले. ते आले तेव्हा मला अक्षरशः रडू आलं. फोटोत दरवाजा माझाच, पण पोचा अर्ध्या दरवाजाएवढा, मधे पत्र्याला घडी पडलेली. म्हणजे आत नेल्यावर माझ्या गाडीला ठोकून नुकसान वाढवलं, त्याचे फोटो काढून नवीन दरवाजा मंजूर करून घेतला आणि मग लांबी भरून तोच परत दिला. क्लेम ५० हजारांच्या आतला असला की नुकसान तपासणारा लायसन्सवाला सर्व्हेअर लागतोच असं नाही, माझा क्लेम फोटोंवरच पास झाला होता.

लोक म्हणतात तुझे कुठे पैसे गेले. गेले ना! क्लेम माझ्या नावावर लागला, पुढच्या वर्षी ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर २० टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याचा बोनस, मिळाला असता तो गेला, तो दरवर्षी वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, आता ती शिडी मला पुन्हा खालून चढायची. माझ्या पॉलिसीत झिरो डेपचे वर्षाला दोनच क्लेम आहेत, त्यातला एक संपला. मामाच्या मते मूळ पोचा आणि बंपर मिळून पाच सहा हजारांचं काम होतं. आणि लांबी भरलेला पत्रा पुढे कधी फुगेल ते वेगळंच, गाडी विकताना तर कोणीही मशीन लावून रंगाची जाडी मोजतो, तेव्हा मीच खोटी ठरणार.

म्हणून हात जोडून सांगते, गाडी आत द्यायच्या आधी पोच्याचे तारखेसकट फोटो काढा, शेजारी एखादी वस्तू ठेवून म्हणजे आकार कळेल. कोऱ्या फॉर्मवर सही नको, ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचल्याशिवाय देऊ नका. काम छोटं असेल तर क्लेम करायच्या आधी बाहेर खर्च विचारून एनसीबीशी ताडून बघा. पार्ट बदलणार असतील तर जुना आणि नवीन दोन्ही समोर दाखवायला सांगा, सॅल्वेज कंपनीकडे जाणार असलं तरी बघायला काय हरकत आहे त्यांना? आणि ताबा दिवसाच घ्या, कोरड्या गाडीचा, सही त्यानंतर.

मी माझे तीन फोटो, बोल्टचे फोटो आणि बिल जोडून इन्शुरन्स कंपनीला लेखी तक्रार केलीये, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण नोंदवलीये. कंपनीचा माणूस येऊन बोल्ट बघून गेला, फोटो काढले, फार बोलला नाही. दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपच्या मॅनेजरचा फोन, मॅडम गैरसमज झालाय, गाडी घेऊन या, नवीन दरवाजा फ्रीमधे टाकून देतो, तक्रार तेवढी मागे घ्या. मी सांगितलं जे बोलताय ते मेलवर लिहून पाठवा. चार दिवस झाले, मेल आलेला नाही. गाडी मी त्यांच्याकडे नेलेली नाही आणि तक्रारही मागे घेतलेली नाही.