बॉयलर स्टोव्ह बसवून घेताय? कोटेशनमध्ये काय लिहिलेलं नाही, ते आधी वाचा

इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या एका खेड्यातलं जुनं विटांचं घर. गावात गॅसची पाइपलाइन पोचलेली नाही. तेलावर चालणारा बॉयलर आणि सात रेडिएटर, एवढ्यावर हिवाळा निघायचा. तेलाचं बिल कमी करायचं म्हणून घरमालक असलेल्या मराठी कुटुंबाने मल्टिफ्युएल बॉयलर स्टोव्ह घ्यायचं ठरवलं, म्हणजे लाकूड आणि धूररहित कोळसा दोन्ही जाळणारा, पोटात पाण्याची पेटी असलेला स्टोव्ह. फिटरचं कोटेशन चारच ओळींचं होतं: २३ किलोवॉटचा स्टोव्ह, स्टेनलेस स्टीलचा लायनर, सध्याच्या हीटिंगला जोडणी, सर्टिफिकेट.

स्टोव्ह अस्सल आला, चांगल्या कंपनीचा, खोकं न फोडलेलं. पाहुणे आले की दिसतो तोच भाग, त्यात कुणी फसवत नाही. पैसे गेले ते भिंतीआड, चिमणीत आणि कागदावर. हे काम नंतर उघडून पाहिलं तेव्हा त्यात जे सापडलं, ते इंग्लंडमधल्या अशा अनेक कामांत सापडतं. म्हणून ते क्रमाने मांडतो आहोत.

आधी २३ या आकड्याबद्दल. तो एकूण उष्णतेचा असतो. या स्टोव्हमध्ये ८ किलोवॉट खोलीत आणि १५ किलोवॉट पाण्यात जात होते. सात रेडिएटर मिळून घेणार जेमतेम ७ किलोवॉट, गरम पाण्याच्या टाकीला आणखी थोडे. म्हणजे स्टोव्ह जोरात पेटला की पाण्यातल्या निम्म्याच्या आसपास उष्णतेला जायला जागाच नाही. "मोठा घ्या, पुढे खोल्या वाढवाल" हा सल्ला विकणाऱ्याच्या फायद्याचा असतो. योग्य पद्धत उलटी आहे. प्रत्येक खोलीची उष्णतेची गरज मोजायची, रेडिएटरांची बेरीज करायची आणि मग पेटीचा आकार ठरवायचा.

शिवाय तो आकडा गाठायला किती जळण लागतं, हे कुणी सांगत नाही. २० टक्के ओलाव्याच्या एक किलो लाकडात साधारण ४ युनिट उष्णता असते. स्टोव्हची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर हाती ३ युनिट लागतात. २३ किलोवॉटसाठी तासाला जवळपास ८ किलो लाकूड हवं, म्हणजे संध्याकाळी पाच ते रात्री अकरापर्यंत ४६ किलो. एवढं सरपण फोडायचं, वाळवायचं, आत आणायचं आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून घालायचं. धूररहित कोळशात किलोमागे अंदाजे दुप्पट उष्णता असते, तरी तासाला पावणेचार-चार किलो लागतोच. "झाडं आपलीच, घर फुकटात गरम" असं कुणी म्हणालं तर त्याच्यासमोर हे गणित कागदावर मांडा.

आता जोडणी. सगळ्यात जास्त धोका इथेच आहे.

आपल्याकडचा तांब्याचा बंब आठवा. मधोमध जाळ, भोवती पाणी, वर झाकण. पाणी उकळलं तर झाकण खडखडतं, वाफ निघून जाते आणि कुणीतरी न्हाणीघराकडे धावतं. बंब फुटत नाही, कारण तो कधीच बंदिस्त नसतो. बॉयलर स्टोव्हलाही हाच नियम लागू आहे. गॅस किंवा तेलाचा बॉयलर बटण दाबलं की विझतो. पेटलेले निखारे विझत नाहीत. हवा बंद केली तरी ते पुढे बराच वेळ उष्णता देत राहतात. म्हणून पेटीतल्या पाण्याला आकाशाकडे उघडी वाट लागते. माळ्यावर स्वतंत्र टाकी हवी आणि स्टोव्हपासून त्या टाकीच्या वर जाऊन वाकलेला, किमान २२ मिमीचा तांब्याचा नळ हवा. त्या नळावर कुठेही कॉक चालत नाही. टाकीसुद्धा उकळतं पाणी सोसणारी असावी लागते. साध्या गार पाण्याची प्लास्टिकची टाकी मऊ पडून वाकते आणि खाली असतं कुणाचं तरी अंथरूण.

नॉरफोकच्या घरातली तेलाच्या बॉयलरची यंत्रणा बंदिस्त होती, दीड बार दाबावर चालणारी. फिटरने दोन टी-जोड टाकून स्टोव्ह सरळ त्यातच खुपसला. टाकी नाही, उघडा नळ नाही. दोन दिवसांची मजुरी आणि सामान वाचलं. बिलात मात्र "संपूर्ण जोडणी" लागली.

त्याची लक्षणं पहिल्याच आठवड्यात दिसली होती. घराबाहेरच्या भिंतीतल्या नळीतून पाणी ठिबकत होतं आणि दाबाचा काटा रोज सकाळी खाली आलेला असायचा. फिटरने फोनवर सांगितलं, "कॉक उघडून पाणी भरत जा, नवीन यंत्रणेत हवा असते." हवा नव्हती. रात्री पाणी अति तापून दाब ३ बारवर जात होता, सुरक्षा व्हॉल्व्ह उघडत होता, आणि सकाळी पाणी थंड झालं की दाब उतरत होता. ३ बार दाबाखाली पाणी १०० नव्हे, १४० अंशांच्या पुढे उकळतं. अशा पाण्याचा नळ फुटला की क्षणात त्यातल्या काही पाण्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या दीड हजार पटींहून अधिक जागा मागते. एक व्हॉल्व्ह अडकला असता तर पुढचं लिहायची गरज नव्हती.

काही मोजक्या स्टोव्हना बंदिस्त जोडणीची परवानगी असते, पण ती उत्पादकाच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेली असते, आणि अति तापल्यास गार पाणी आत सोडणारा खास व्हॉल्व्ह सोबत लागतो. पुस्तिकेत ते वाक्य नसेल तर विषय संपला. दोन यंत्रणा एकत्र आणायच्या असतील तर स्टोव्हची बाजू उघडी ठेवून मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर बसवतात किंवा मोठी उष्णतासाठवण टाकी घेतात. दोन्हींत उष्णता पलीकडे जाते, पाणी जात नाही.

दुसरी चोरी गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या फेऱ्याची. वीज गेली की पंप थांबतो, आग थांबत नाही. म्हणून स्टोव्हपासून गरम पाण्याच्या टाकीपर्यंत २८ मिमीचे दोन नळ सतत चढत जाणारे हवेत, म्हणजे गरम पाणी आपोआप वर आणि गार पाणी खाली फिरत राहतं. याच फेऱ्यावर एक रेडिएटर असा ठेवतात की ज्याला बंद करायची चावीच नसते. या घरात २२ मिमीचे नळ फरशीखालून आडवे नेले होते, त्यातला स्टोव्हमागचा तुकडा चक्क प्लास्टिकचा. प्लास्टिकचा नळ स्टोव्हजवळ कधीच चालत नाही, प्लास्टर करून झाकला तर अजिबात नाही. प्लास्टर करायच्या आधी प्रत्येक नळाचा टेप लावून फोटो काढा. फिटर रागावला तरी.

तिसरी गोष्ट लहान दिसते, पण पेटीचं आयुष्य तीच ठरवते. परत येणारं पाणी ५५ अंशांपेक्षा गार असेल तर पेटीच्या भिंतीवर धूर थिजतो, डांबर साचतं, काच काळी पडते आणि पत्रा आतून गंजतो. त्यासाठी परतीच्या नळावर गरम पाणी मिसळणारा लोड व्हॉल्व्ह बसवतात. पंपालाही नळावर बांधायचा थर्मोस्टॅट लागतो: पाणी पुरेसं तापेपर्यंत पंप बंद, आणि ८५-९० अंशांच्या वर गेलं तर काहीही झालं तरी चालू. कोटेशनमध्ये हे दोन सुटे भाग नावाने लिहिलेले नसतील तर ते बसणार नाहीत असं धरून चाला.

लायनरची फसवणूक पकडायला सगळ्यात अवघड. चिमणीत सोडायची लवचिक नळी दोन प्रतींत मिळते, ३१६ आणि ९०४. दिसायला जुळ्या बहिणी. ३१६ लाकडासाठी ठीक; कोळसा जाळायचा असेल तर ९०४ लागते, कारण कोळशातल्या गंधकाचं ओलाव्याशी मिळून आम्ल होतं आणि उन्हाळाभर ते नळीला खात बसतं. बॉयलर स्टोव्हमध्ये हे जास्तच, कारण पाण्याने उष्णता काढून घेतल्यावर वर जाणारा धूर गार असतो. ९०४ महाग. बिलात नुसतं "स्टेनलेस स्टीलचा लायनर" लिहिलं की ३१६ टाकायची मुभा मिळते. नळी चिमणीत जाण्याआधी खोक्यावरच्या लेबलचा आणि नळीवरच्या छाप्याचा फोटो घ्या. एकदा आत गेली की कॅमेरा सोडल्याशिवाय काही दिसत नाही. व्यासही तपासा: ३० किलोवॉटपर्यंत कुठलंही जळण जाळणाऱ्या बंद स्टोव्हला १५० मिमी लागतो. १२५ मिमीची सवलत फक्त ठरावीक स्टोव्ह आणि जळणांना आहे.

मग हवेचं भोक. ५ किलोवॉटच्या वर दर किलोवॉटमागे ५५० चौरस मिमी कायम उघडी वाट, हा इंग्लंडचा नियम. २३ किलोवॉटला ९,९०० चौरस मिमी. फिटर नेहमीच्या सवयीने चार इंची भोक पाडून मोकळा होतो. १०० मिमी व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ ७,८५० भरतं, जाळी लावल्यावर आणखी कमी. या घरात तर जाळी उघडझाप करणारी होती; थंडी वाजली की कुणीतरी ती बंद करायचंच. आपल्या घरांत आणखी एक भानगड असते. फोडणीच्या धुरासाठी ओट्यावर जोरकस पंखा बसवलेला असतो, ज्याला आपण गंमत म्हणजे चिमणीच म्हणतो. स्वयंपाकघर आणि बैठक एकच असेल तर ही चिमणी त्या चिमणीतला धूर उलटा ओढते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. त्यामुळे खोलीत अलार्म सक्तीचा आहे: स्टोव्हपासून १ ते ३ मीटरवर, छताला लावला तर भिंतीपासून किमान ३०० मिमी दूर. फिटरने तो खोक्यासकट फडताळावर ठेवून दिला होता.

आता कागद. हेटास ही घन इंधनाच्या उपकरणांसाठी नोंदणी करणारी संस्था. नोंदणीकृत माणूस आपलं काम स्वतः प्रमाणित करू शकतो, नाहीतर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला आधी कळवावं लागतं. इथली चलाखी अशी की पाण्याविना चालणारे स्टोव्ह बसवण्याची पात्रता वेगळी आणि पाण्याच्या पेटीचे बसवण्याची वेगळी. या फिटरने कार्डाच्या पुढच्या बाजूचा फोटो पाठवला होता. कुठल्या कामांची परवानगी आहे ते मागच्या बाजूला असतं. कार्ड दोन्ही बाजूंनी मागा आणि नोंदणी क्रमांक हेटासकडूनच पडताळून घ्या, फिटरने दिलेल्या लिंकवरून नव्हे. काम संपल्यावर ३० दिवसांत त्याची नोंद व्हायला हवी. "सर्टिफिकेट पोस्टाने येईल" हे वाक्य दुसऱ्या महिन्यातही ऐकू आलं तर ते येणार नाही. त्याविना विमा आणि घरविक्री दोन्ही अडतात.

सरकारी मदतीचं गाजरही असतं. "व्हॅट शून्य आहे" असं सांगून मूळ किंमत फुगवतात. ग्रेट ब्रिटनमध्ये ३१ मार्च २०२७ पर्यंत असलेली ती सवलत केवळ लाकूड, पेंढा अशा वनस्पतिजन्य जळणावर चालणाऱ्या बॉयलरला आहे. कोळसाही खाणारा स्टोव्ह त्यात बसत नाही. उष्णतेमागे हप्ते देणारी घरगुती योजना तर ३१ मार्च २०२२ लाच नव्या अर्जांसाठी बंद झाली.

जळणवाले थोडक्यात. १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये २ घनमीटरपेक्षा कमी ओलं लाकूड विकायला बंदी आहे, ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. ढलपा मधोमध फोडून ताज्या बाजूवर मीटर टोचा. बाहेरून टोचलं तर ओलं लाकूडही वाळलेलं भासतं. बिनछापाच्या पोत्यातला स्वस्त "धूररहित" कोळसा पेटकोकची, म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना उरणाऱ्या कोळशासारख्या पदार्थाची, भेसळ असू शकतो. त्याने स्टोव्हमधली निखाऱ्यांखालची जाळी वितळल्यासारखी वाकते, आणि राखेचा ट्रे भरलेला राहिला तर आणखी लवकर.

जुन्या शेकोटीमागे कधी काळची पाण्याची पेटी आहे का, हेही काम सुरू होण्याआधी बघायला लावा. ती तोंडं बंद करून तशीच ठेवली आणि पुढे नवा स्टोव्ह पेटवला तर ती बॉम्ब ठरते. वापरात नसलेल्या अशा पेट्यांबद्दल ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागाने मुद्दाम इशारा दिलेला आहे. जुना बॉयलर स्टोव्ह स्वस्तात विकताना "पाणी नको असेल तर भोकांना बुचं मारा" असं सांगणाराही हाच बॉम्ब विकतो.

पैसे अडकले असतील तर पहिलं काम आग विझवणं आणि दुसरं कशालाही हात न लावणं. आधी पात्र माणसाकडून फोटोंसह लेखी अहवाल घ्या, मगच दुरुस्ती. आगाऊ रकमेचा थोडा भाग जरी क्रेडिट कार्डाने दिला असेल आणि कामाची किंमत १०० ते ३०,००० पौंडांमध्ये असेल, तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली पूर्ण नुकसानीसाठी कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. या कुटुंबाने सगळी रक्कम बँकेतून एका व्यक्तीच्या खात्यात भरली होती, ती वाट बंद. घरी येऊन केलेला करार १४ दिवसांत रद्द करता येतो, आणि हा हक्क लेखी कळवला नसेल तर मुदत वर्षभरापर्यंत वाढते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचा दावा लहान दाव्यांच्या न्यायालयात वकिलाविना चालवता येतो.

शेवटचा हप्ता देण्याआधी फिटरसमोर एक चाचणी करा. मध्यम आग पेटवायची, पाणी ६५-७० अंशांवर आणायचं आणि पंपाचा स्विच बंद करायचा. जोडणी बरोबर असेल तर गरम पाण्याच्या टाकीकडे जाणारा वरचा नळ आणि चावी नसलेला रेडिएटर काही मिनिटांत हाताला चटका देतील, नळांत ठोके ऐकू येणार नाहीत, आणि माळ्यावरच्या टाकीत उघड्या नळातून पाणी पडणार नाही. ठोके सुरू झाले तर लगेच पंप चालू करा, हवेची दारं बंद करा आणि हप्ता खिशातच ठेवा.